"डी ड्राइव्ह राहू द्यायची का?" आणि जुना कॉम्प्युटर विकायच्या आधीच्या बाकी गोष्टी

जुना कॉम्प्युटर घराबाहेर काढायचा म्हटलं की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मी दोनच प्रकारची माणसं बघितलीत. एक म्हणजे ज्यांना काहीच वाटत नाही, एक्सचेंजमध्ये जातोय ना, हजार-पाचशे सुटतायत ना, मग देऊन टाका, दुकानवाला फॉर्मेट मारेलच. आणि दुसरे म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी वाचून घाबरलेले, जे डिस्क काढून गच्चीवर नेतात आणि हातोड्याने ठेचतात, नाहीतर मग माळ्यावर टाकतात ती राहते तिथे पितळेच्या भांड्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं. मधला रस्ता म्हणजे डिस्क नीट पुसायची, पुसली गेली का ते बघायचं आणि मग खुशाल विकायची, हा कोणी घेतच नाही. का तर तो कंटाळवाणा आहे. पैसे लागत नाहीत, अक्कलही फार लागत नाही, फक्त मशीन काही तास चालू ठेवून स्वस्थ बसावं लागतं आणि तेच आपल्याला जमत नाही.

मी एका ऑफिसात आयटी सांभाळते. त्यामुळे नात्यातले, शेजारचे, आईच्या भिशीतले असे सगळ्यांचे डबे शेवटी माझ्याच दारात येतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत तर विचारूच नका. तर हे सगळं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आधी त्या दुकानवाल्याच्या फॉर्मेटबद्दल. राजेंद्र नगरला आमच्या एक काकू राहतात, काका विम्याची एजन्सी करायचे, ती आता बंद केली आणि काकूंना त्या टेबलावर शिलाई मशीन ठेवायचं होतं. मी त्यांच्यासोबत मार्केटात गेले. दुकानातल्या पोराने मशीन चालू केलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "दीदी, सी ड्राइव फॉर्मेट मारके विंडोज डाल देंगे, डी ड्राइव रहने दूं क्या?" त्याची यात काही लबाडी नव्हती बरं का. दिवसभर त्याच्याकडे येणारे लोक विंडोज बिघडलं म्हणून येतात आणि त्यांना डी ड्राइव्ह वाचवायचीच असते, तर तो सवयीने तेच विचारतो. पण विकायला आणलेल्या मशीनवर डी ड्राइव्ह राहिली म्हणजे काय राहिलं? सगळंच राहिलं की. आपल्याकडे विंडोज सी वर आणि संसार डी वर, ही पद्धत गेल्या पंचवीस वर्षांत इतकी मुरलीये की बहुतेक घरांत सी ड्राइव्ह फॉर्मेट झाली तरी घरच्यांचं एक कागद सुद्धा हलत नाही.

मशीन परत घेऊन आलो. काकू म्हणाल्या, "अगं पण बंटीने पुण्याहून फोनवर सांगून ते डीचं पण पुसायला लावलं होतं यांना, आता त्यात काही नाहीये." बंटी म्हणजे त्यांचा मुलगा. बघितलं तर खरंच, डी ड्राइव्ह उघडली तर रिकामी, पूर्ण जागा फ्री. म्हटलं काकू, बसा जरा, गंमत दाखवते.

फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, दिसायला अगदीच कळकट, काळी स्क्रीन आणि त्यावर पांढरी अक्षरं. ते त्या डिस्कवर लावलं, सापडलेलं सगळं माझ्या एक्स्टर्नल डिस्कवर टाक असं सांगितलं आणि आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत आकडा पळायला लागला होता, इतक्या जेपीजी, इतक्या पीडीएफ, इतक्या डॉक. फाइलींची नावं गेलेली असतात, एफ आणि पुढे सातेक आकडे असं काहीतरी दिसतं, पण उघडलं की आतलं जसंच्या तसं. पहिला फोटो उघडला तो बंटीच्या मुंजीचा, बटू चकोट करून पाटावर बसलेला आणि मागे सगळ्या मावश्या. दुसरी फाइल कोणाच्या तरी कॅन्सल चेकचा स्कॅन. तिसरी काकांच्या एका क्लायंटचा प्रपोजल फॉर्म, त्यात शुगर आहे, बीपी आहे, वडील कशाने गेले ते पण आहे. आणि मग एक बायोडेटा निघाला, वर श्री गणेशाय नमः, खाली मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, उंची, पगार, वडिलांचा मोबाइल. काकू चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, ही तर आपली नागदेव्यांची... हिला आता दोन मुलं झाली!"

हसलो आम्ही, पण बायोडेटाची गोष्ट हसण्यासारखी नाहीये. बघा, ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड काय असतो, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. इन्कम टॅक्सच्या पीडीएफचा काय, पॅन नंबर आणि जन्मतारीख. म्हणजे आपण समजतो की पीडीएफला पासवर्ड आहे, कोणी उघडू शकत नाही, आणि त्याच डिस्कवर शेजारीच लग्नाचा बायोडेटा पडलेला असतो ज्यात नाव, जन्मतारीख सगळं सुवाच्य अक्षरांत. किल्ली कुलपालाच लटकलेली. त्यात काकांसारख्या माणसाच्या मशीनवर तर घरचंच नाही, शे-दोनशे दुसऱ्या घरांचं सगळं असतं, आणि त्या लोकांनी ते काकांवर भरवसा ठेवून दिलेलं असतं, आपण ते एक्सचेंजमध्ये देऊन टाकतो.

आता हे परत येतं कसं ते थोडक्यात. विंडोज फाइलींचा हिशोब एका टेबलात ठेवतं, मास्टर फाइल टेबल म्हणतात त्याला, कुठली फाइल डिस्कवर कुठे कुठे पडलीये ते त्यात लिहिलेलं. आपण डिलीट केलं आणि रिसायकल बिन पण रिकामी केली तरी फक्त त्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' असा शेरा पडतो, जागेवरचा माल तसाच. क्विक फॉर्मेट केलं तर नवं कोरं टेबल बनतं, माल तरीही तसाच. इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडतात आणि त्यांच्याच ओट्यांवर भुट्टे का कीस आणि जोशींचे दहीवडे सुरू होतात, म्हणून आतलं सोनं कुठे गेलेलं असतं का? फोटोरेक तर त्या टेबलाकडे बघतही नाही, ते सरळ डिस्कचा एक एक सेक्टर, म्हणजे छोटा कप्पा, वाचत जातं आणि ओळखीची खूण शोधतं, जेपीजी फाइल नेहमी ठराविक बाइट्सनी सुरू होते, पीडीएफच्या सुरुवातीला तर अक्षरशः पीडीएफ असंच लिहिलेलं असतं, खूण दिसली की तिथून उचललं. म्हणून नाव नसतं पण फाइल असते.

यात एक बारीक फरक आहे जो बऱ्याच जुन्या लोकांना, म्हणजे ज्यांनी विंडोज एक्सपीच्या काळात हे सगळं शिकलं त्यांना, माहीत नसतो. एक्सपीमध्ये क्विकची टिक काढून पूर्ण फॉर्मेट केलं तरी ते नुसतं खराब सेक्टर शोधायचं, पुसायचं काही नाही. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून पुढे मायक्रोसॉफ्टने ते बदललं, आता पूर्ण फॉर्मेट म्हणजे त्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या सी किंवा डी अशा त्या भागावर, खरोखर शून्य लिहिली जातात. पण ती टिक आधीपासून लावलेली येते, आणि लावलेली टिक कोण काढतं. शिवाय ज्या विंडोजमध्ये आपण बसलोय तिची सी ड्राइव्ह आतून फॉर्मेट होतच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. एमआयटीतल्या दोघांनी, सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट, २००३ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यांनी सेकंडहँड बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या किती तर १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे नंबर, लोकांची पत्रं, दवाखान्याचे कागद. आणि मोठ्या लोकांचं म्हणाल तर मॉर्गन स्टॅनली या बड्या बँकेला २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोकला, कारण जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्क निकालात काढायचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं होतं, पॅकर्स-मूव्हर्स टाइप, जिला डेटा नष्ट करायचा काही अनुभवच नव्हता, आणि त्यातले काही डिस्क ऑनलाइन लिलावात विकले गेले, आत ग्राहकांची माहिती तशीच. तेव्हा आपल्या काकांना काय नावं ठेवायची.

बरं, मग किती वेळा पुसायचं? इथे येऊन आमच्या लाइनीतले लोक पण वाद घालतात. कोणी म्हणतो तीन वेळा, अमेरिकन डिफेन्सचं स्टँडर्ड आहे, कोणी म्हणतो सात, आणि एखादा फारच हौशी असला की पस्तीस. हा पस्तीसचा आकडा आला न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या एका पेपरमधून. त्यांनी त्या काळातल्या वेगवेगळ्या पद्धतीने डेटा लिहिणाऱ्या डिस्कांसाठी वेगवेगळे पॅटर्न सुचवले होते, सगळे मिळून पस्तीस, म्हणजे तुमची डिस्क कुठल्या जातीची आहे ते माहीत नसेल तर सगळेच मारा. पण लोकांनी ते मंत्रासारखं धरलं, पस्तीस आवर्तनं झाली की पुण्य पदरी, आणि गुटमन यांनी स्वतःच नंतर त्या पेपरला पुरवणी जोडून सांगितलं की अहो असं एकाच डिस्कवर सगळं करण्यात काही अर्थ नाही, आजच्या डिस्कांना तर ते पॅटर्न लागूच होत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची जी गाइडलाइन आहे, ८००-८८ नंबरची, तिच्या २०१४ च्या आवृत्तीतही सरळ लिहिलंय की चुंबकीय डिस्कवर एकदा शून्य फिरवली तरी प्रयोगशाळेत नेऊनही मूळ डेटा काढणं साधारणपणे जमत नाही.

हिशोब करून बघा ना. जुन्या लॅपटॉपची ५०० जीबीची डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी लिहिते असं धरलं तर एक फेरी दीड तासाच्या आत होते. पस्तीस फेऱ्या म्हणजे दोन दिवस, दोन रात्री, आणि मिळणार तेच जे पहिल्या दीड तासात मिळालं होतं. माझं म्हणणं असं की तो बाकीचा वेळ पुसण्यात न घालवता तपासण्यात घालवा. लोक तीन फेऱ्या मारतात पण एकदाही उघडून बघत नाहीत की शून्य पडली का. मध्येच लाइट गेली, केबल ढिली होती, चुकीचा पार्टिशन निवडला, काहीही होऊ शकतं.

आता करायचं कसं. सगळ्यात आधी बॅकअप, आणि बॅकअप उघडून बघायचा, दोन-चार फोटो, एखादी एक्सेल, टॅलीचा डेटा असेल तर दुसऱ्या मशीनवर टॅलीत उघडतोय का ते. मग ज्यात बॅकअप आहे ती एक्स्टर्नल डिस्क काढून कपाटात. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ओळखीतल्या एका भाऊंनी बॅकअपची डिस्क लावलेलीच ठेवली आणि पुसताना तीच निवडली, दोन्ही एक-एक टीबीच्या होत्या, आणि जी पुसायची होती ती तशीच राहिली. म्हणून डिस्क निवडताना नुसता साइज बघू नका, डिस्कवर चिकटवलेल्या लेबलावर सिरियल नंबर असतो तो स्क्रीनवरच्याशी जुळवा, किंवा सरळ बाकी सगळ्या डिस्कांच्या केबली काढून एकच लावा, मग चुकायला जागाच नाही.

विंडोजवाल्यांना वेगळं काही डाउनलोड करायची सुद्धा गरज नाही. विंडोज इन्स्टॉल करायच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा, पहिली स्क्रीन आली की शिफ्ट धरून एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. त्यात टाइप करा डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, आणि मग क्लीन ऑल. यातला 'ऑल' महत्त्वाचा, नुसतं क्लीन लिहिलं तर ते फक्त पार्टिशनचा नकाशा पुसतं आणि दोन सेकंदांत मोकळं होतं, इतक्या लवकर झालं की समजायचं काही झालंच नाही. क्लीन ऑल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. सी, डी, ई सगळं गेलं, कोणी विचारायला नको रहने दूं क्या म्हणून. त्रास इतकाच की ते चालू असताना किती झालं ते काहीच दाखवत नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहतो आणि लोकांना वाटतं हँग झालं, बटण दाबून बंद करतात. नका करू. डिस्कचा लाइट बघा आणि झोपा जाऊन.

मला स्वतःला लिनक्सचा रस्ता आवडतो. श्रेडओएस म्हणून एक छोटंसं आहे, पेन ड्राइव्हवर टाकायचं, त्यावरून बूट झालं की एनवाइप नावाचा प्रोग्राम आपोआप उघडतो, डिस्कांची यादी सिरियल नंबरसकट दाखवतो, किती टक्के झालं, किती वेळ राहिला ते पण दाखवतो आणि शेवटी स्वतः वाचून पडताळतो. अजूनही बरेच लोक डीबॅन सुचवतात, एकेकाळी मी पण तेच वापरायचे, पण त्याची नवी आवृत्ती २०१५ नंतर आलीच नाही आणि नवीन मशीनवर ते कधी कधी उठतच नाही, एनवाइप त्याच्याच पोटातून निघालेलं आहे असं समजा.

तपासायचं तर लिनक्सच्या कुठल्याही लाइव्ह पेन ड्राइव्हवर सीएमपी नावाची कमांड असते, तिला सांगायचं की ही डिस्क आणि देव-झीरो, म्हणजे लिनक्समधला तो शून्यांचा न संपणारा नळ, दोन्ही बाइट-बाइट जुळवून बघ. सगळी शून्य असली तर डिस्क संपेपर्यंत ती गप्प असते आणि शेवटी सांगते की एका बाजूची फाइल संपली, ईओएफ. एक जरी बाइट वेगळा सापडला तर तिथेच थांबते आणि कितवा बाइट ते सांगते. काकूंच्या डिस्कवर मी हे लावलं तेव्हा काकू बाजूला मटार सोलत बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने विचारत होत्या, "अगं काही बोलली का ती?" म्हटलं काकू, ही बोलली तर वाईट, गप्प आहे तेच चांगलं. शेवटी ईओएफ आलं. मग त्यांच्या समाधानासाठी फोटोरेक परत लावलं, पूर्ण डिस्क फिरून आलं, शून्य फाइली. नागदेव्यांची मुलगी पण नाही, बंटीची मुंज पण नाही. (मुंजीचे फोटो मी आधीच बंटीला पाठवले होते, त्याला त्यातले अर्धे कधी मिळालेच नव्हते.)

एक तांत्रिक गोष्ट राहिली, डिस्क जुनी झाली की खराब होऊ लागलेले काही सेक्टर ती स्वतःच बाजूला काढते आणि त्यांच्या जागी राखीवातले वापरते, त्या काढून टाकलेल्या सेक्टरांत जे थोडंफार राहिलं तिथे वरून लिहिलेली शून्य पोचत नाहीत. घरच्या मशीनसाठी मी त्याची काळजी करत नाही. ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी डिस्कच्याच आत सिक्युअर इरेज नावाची कमांड असते, लिनक्समध्ये एचडीपार्मने चालवता येते, फक्त बऱ्याच मशीनचं बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, सुरू होतानाच तिला गोठवून ठेवतं, तेव्हा लॅपटॉप एकदा स्लीपमध्ये टाकून परत उठवला की बहुतेक वेळा ती सुटते.

आता एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. इथे वर लिहिलेलं बरंचसं विसरा. एसएसडीत आपण ज्या पत्त्यावर लिहितो तिथेच ते लिहिलं जाईल असं नसतं, आतला कंट्रोलर सगळ्या चिपा सारख्या झिजाव्यात म्हणून दर वेळी नवी जागा देतो आणि जुनी तशीच सोडून देतो, सावकाश पुसतो. वर २४० जीबी म्हणून विकलेल्या एसएसडीत आत २५६ च्या चिपा असू शकतात, ती वरची जागा आपल्याला दिसतच नाही. म्हणजे शून्य फिरवून पूर्ण भरली तरी कोपऱ्यात काहीतरी उरू शकतं, आणि फुकट झीज होते ती वेगळीच. एसएसडीला तिच्याच कमांडने पुसायचं, सिक्युअर इरेज किंवा एनव्हीएमई, म्हणजे नव्या जातीची वेगवान एसएसडी, असेल तर सॅनिटाइझ, बऱ्याच कंपन्यांच्या स्वतःच्या टूलमध्ये हे बटण असतं, काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच असतं, मिनिटाभरात काम होतं. पण त्या बटणावर पण आंधळा विश्वास नको, २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी एसएसडी उघडून थेट चिपा वाचून बघितल्या होत्या, तर एका एसएसडीने पुसलं म्हणून कळवलं होतं आणि आत सगळाच्या सगळा डेटा जागेवर. तेव्हापासून सुधारणा झालीये, तरी मी नंतर तपासतेच.

एसएसडीसाठी खरं सोपं म्हणजे पहिल्या दिवसापासून बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता न येईल असं करून ठेवणारी (एन्क्रिप्शनची) विंडोजची सोय, चालू ठेवायचं. नव्या विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालूच येतं, एकदा बघून घ्या. मग विकताना सेटिंगमधून रीसेट, रिमूव्ह एव्हरीथिंग, आणि आत क्लीन ड्राइव्हचा जो पर्याय असतो तो चालू करून. किल्लीच गेली की उरलेला डेटा कोणाच्या हाती पडला तरी नुसता कचरा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये रिकव्हरी की सेव्ह झालेली असते, ती पण तिथून काढून टाका.

राहिला तो हातोडा. डिस्क बंदच पडली असेल, मशीनला दिसतच नसेल, तर शून्य फिरवायला जागा नाही, तेव्हा तोडणंच आलं, मान्य. पण वरच्या डब्यावर दोन हाणून समाधान मानू नका. कोलंबिया यान २००३ मध्ये पडलं ना, कल्पना चावला होती त्यात, त्या ढिगाऱ्यात ४०० एमबीची एक हार्ड डिस्क सापडली, जळून वेडीवाकडी झालेली, आणि डेटा रिकव्हरीवाल्यांनी तिच्यातला ९९ टक्के डेटा बाहेर काढला, कारण आतल्या तबकड्या शाबूत होत्या. तेव्हा तोडायच्या त्या तबकड्या. स्टारच्या आकाराच्या स्क्रूंसाठी टॉर्क्सचा पाना लागतो, एक स्क्रू हमखास लेबलखाली लपलेला असतो, झाकण निघालं की आत आरशासारखी चकती दिसते. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ती बरेचदा काचेची असते, टोचा मारला की अशी चुरा होऊन उडते की फरशीवर महिनाभर कण सापडत राहतात, म्हणून जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच. फ्रिजवरचा मॅग्नेट फिरवून काही होत नाही, उलट डिस्कच्या आतच त्याहून किती तरी दणकट मॅग्नेट असतात, मी ते काढून ठेवते, स्क्रू सांडले की गोळा करायला भारी उपयोगी.

आणि ते सगळं उरलेलं ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, सकाळी गाडी येते तिच्यात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, इंदूरला राहून हे मी सांगायला हवं असं नाही. चालू डिस्क मात्र तोडू नका, पुसलेली डिस्क एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या मशीनमध्ये आणखी चार वर्षं चालते. काकूंची चाललीये, दुकानवाल्याने घेतली, फक्त त्याला जरा वाईट वाटलं की विंडोज पण पुसून आणलं, ते टाकायचे त्याने दोनशे कापले.

हां, आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर. त्याच्यात पण तीच हार्ड डिस्क असते, लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि बदलताना नवा लावणारा माणूस जुना डबा "भंगार में जाएगा भिया" म्हणत घेऊन जातो, त्यात तुमच्या दारात कोण कधी येतं जातं त्याचं महिनाभराचं रेकॉर्डिंग. खालचे चार स्क्रू काढले की डिस्क सुटते, साटा टू यूएसबी केबलने कुठल्याही मशीनला लागते, विंडोज विचारेल फॉर्मेट करू का तर नाही म्हणा, आणि मग तेच, सिलेक्ट डिस्क, नंबर नीट बघून, क्लीन ऑल.